"पाचही पुस्तकं वाचलीयेत" असं मी त्याला सांगून बसले

पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते.

"ताई, मी २८ वर्षांची, नोकरी पुण्यात, घर नाशिकला. जानेवारीत एक स्थळ आलं, कांदेपोहे झाले, मग मोठ्यांनी आम्हाला गच्चीवर पाठवलं. त्याने आवडीनिवडी विचारल्या, मी म्हटलं गेम ऑफ थ्रोन्स. त्याचा चेहरा एकदम खुलला. पुस्तकं वाचलीस? मी म्हटलं हो, पाचही. खरं तर मी फक्त सिरीज बघितलीये, दोनदा, आणि पहिलं पुस्तक दोनशे पानांवर सोडून दिलंय. पण नुसती सिरीज बघते म्हटलं तर टाइमपास वाटेन असं वाटलं. मार्चमध्ये त्याने मेसेज केला, लेडी स्टोनहार्टबद्दल तुझं काय मत? मी लिहिलं, मस्तच, काय काम केलंय तिने! त्याने हसण्याचा इमोजी टाकला आणि विषय बदलला. नंतर गूगल केलं तेव्हा पोटात गोळा आला. एप्रिलच्या शेवटी साखरपुडा झाला, त्यात त्याने मला पाचही पुस्तकांचा सेट दिला आणि म्हणाला, रोज एक चॅप्टर आपण दोघं परत वाचू, रात्री फोनवर. लग्न डिसेंबरात आहे. सेट अजून प्लॅस्टिकमध्येच, कपाटात साड्यांच्या खाली. यूट्यूबवर सारांश बघून निभावून नेऊ, रात्री जागून वाचून काढू, की खरं सांगू? आणि अजून एक. मला शेवटचा सीझन आवडला होता. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही."

— साड्यांखाली पुस्तकं

अगं बाई, आधी हसून घेतलं, त्याबद्दल सॉरी. म्हणजे तुझ्यावर नाही गं, त्या "काय काम केलंय तिने" वर. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, गेम ऑफ थ्रोन्स ही जॉर्ज मार्टिनच्या पुस्तकांवरून काढलेली इंग्रजी टीव्ही सिरीज, आणि लेडी स्टोनहार्ट हे पुस्तकातलं पात्र, ती बाई सिरीजमध्ये नाहीच. तिसरं पुस्तक आलं २००० साली, त्याच्या अगदी शेवटच्या चॅप्टरला ती येते आणि तिला धड बोलताही येत नाही. ती कोण ते इथे लिहीत नाही, कुणाचं वाचायचं राहिलं असेल. पुस्तकवाली मंडळी तिची सिरीजमध्ये वाट बघत बसली होती, पण आठ सीझन झाले, ७३ एपिसोड झाले, ती काही आली नाही. आणि तू तिच्या ऍक्टिंगचं कौतुक केलंस.

आता जरा तारखा परत बघ. मेसेज मार्चमधला, सेट एप्रिलच्या शेवटी. म्हणजे ज्या माणसाला तू लेडी स्टोनहार्टने काय काम केलंय असं लिहिलंस, त्याच माणसाने त्यानंतर महिनाभराने तुला पुस्तकं आणून दिली. आणि मला सांग, पाचही पुस्तकं वाचलेल्या मुलीला कुणी पाच पुस्तकांचा सेट भेट देतं का? तिला टी-शर्ट देतील, कॉफीचा मग देतील, ड्रॅगनचं अंडं असलेली कीचेन देतील. सेट देतात तो न वाचलेल्याला. आणि "परत वाचू" यातला तो "परत" आहे ना, तो त्याने तुझ्यासाठी ठेवलाय, तू उघडी पडू नयेस म्हणून. माझा अंदाज चुकतही असेल, काही मुलं खरंच इतकी भोळी असतात की त्यांना काही कळत नाही, पण पुस्तकवाला फॅन आणि लेडी स्टोनहार्टच्या बाबतीत भोळा, हे मला जरा जड जातंय.

म्हणजे तू ज्या प्रश्नाने चार महिने झोप घालवलीयेस, त्याला कळलं तर काय, तो प्रश्न बहुतेक मार्चमध्येच निकालात निघालाय. मग गप्प बसलं तर काय बिघडलं, असं तुला वाटेल. बिघडतं ते असं की रोज रात्री फोनवर तू वाचल्याचं नाटक करणार आणि तो न कळल्याचं. दोन महिने गंमत वाटेल. पुढे कुठेतरी कुणीतरी कंटाळणार, आणि तेव्हा ते भांडण पुस्तकावरून सुरू होऊन "तू मला पहिल्याच दिवशी" वर जाणार. हे असलं वाक्य लग्नानंतर दहा वर्षांनीसुद्धा निघतं, माझ्या घरात एक आहे, त्याचा विषय वेगळा आहे, जाऊ दे.

माझंही एक सांगते. मी अकरावीत असताना आजोळी सगळे बसले होते आणि मृत्युंजयचा विषय निघाला. आपल्याकडे घरोघरी मृत्युंजय असतं, सगळ्यांनी वाचलेलं असतंच असं नाही. टीव्हीवरचं महाभारत बघून मला कर्ण पाठ होता, म्हणून मी ठोकून दिलं की मीपण वाचलंय, काय लिहिलंय! मामाने विचारलं, शोणचा भाग कसा वाटला? मी म्हटलं, कोण शोण? आता ज्याने ते पुस्तक उघडलंय त्याला माहितीये, कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, शेवटी कृष्ण, अशी एकेक जण आपापली बाजू सांगतो, शोण म्हणजे कर्णाचा भाऊ, त्याला अख्खा एक भाग दिलाय. मामा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "चहा झाला का बघ गं आत." चारचौघांत मला उघडं पाडलं नाही त्याने. बावीस वर्षांची झाल्यावर मी ते पुस्तक खरंच वाचलं आणि शोणचा भाग आला तेव्हा मामाचा तो चेहरा समोर आला. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याचा तो हसरा इमोजी मला मामाच्या चहासारखा वाटतोय.

बरं, आता तुझे पर्याय. रात्री जागून वाचून काढायचा विचार सोड. पाच पुस्तकांची मिळून चार हजारांच्या वर पानं होतात, चॅप्टर ३४४. पहिली तीन कशीबशी उरकशील, चौथ्यात तुझी दांडी गुल होणार हे मी लिहून देते. कारण चौथ्या पुस्तकात गोष्टीतली मुख्य माणसंच गायब, टिरियन नाही, डेनेरिस नाही, जॉन स्नो नावापुरता डोकावतो. लेखकाचं लिखाण इतकं वाढलं की त्याने ते दोन पुस्तकांत तोडलं, निम्मी माणसं २००५ च्या चौथ्यात आणि उरलेली २०११ च्या पाचव्यात. म्हणजे टिरियनच्या फॅनने २००० साली तिसरं पुस्तक मिटलं ते त्याला टिरियन परत भेटला अकरा वर्षांनी. मला स्वतःला ते चौथं वाचायला आठ महिने लागले, मधे ब्रिएन नावाची लढवय्यी बाई नुसती गावोगाव फिरत असते त्यातली काही पानं मी सरळ उलटली, आणि मी आवडीने वाचणारी. तू झोप मोडून, भीतीने वाचणार. नको.

यूट्यूबचे सारांश त्याहून वाईट, कारण त्यात गोष्ट कळते आणि फॅन लोक गोष्टीबद्दल बोलतच नाहीत. एक उदाहरण देते. पुस्तकात प्रत्येक चॅप्टरच्या डोक्यावर ज्याच्या नजरेतून तो चालतो त्याचं नाव असतं, आर्या, ब्रॅन, जॉन असं. पाचव्यात एक चॅप्टर येतो, वर नाव "रीक". तू सिरीज बघितलीयेस म्हणून तुला माहितीये की हा थिऑन, छळ करून करून त्याचं नावसुद्धा काढून घेतलंय. पण पुस्तकात चॅप्टरचं शीर्षकच थिऑन हे नाव मानायला तयार नाही. दुसऱ्यांदा रीक, तिसऱ्यांदा रीक. मग "विंटरफेलचा राजपुत्र", मग "फितूर" अशा अर्थाचं, मग "विंटरफेलमधलं भूत". आणि शेवटच्या चॅप्टरला वर नुसतं लिहिलंय, थिऑन. मी बसमध्ये होते, अनुक्रमणिका या पुस्तकांना नाही म्हणून पान उलटेपर्यंत कळत नाही, मी पान उलटलं आणि ते नाव दिसल्यावर पुस्तक मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसले. सारांशात याचं होतं "थिऑन पळून जातो". तो तुला रात्री साडेदहाला विचारणार, ते शीर्षक बघून तुला काय वाटलं, आणि तू म्हणणार काय, मस्त काम केलंय?

म्हणजे उरलं खरं सांगणं. पण त्याच्याआधी मला तुझ्या पत्रातल्या एका वाक्याशी भांडायचंय. "नुसती सिरीज बघते म्हटलं तर टाइमपास वाटेन." हे तुला कुणी सांगितलं? आपल्याकडे हे लहानपणापासून डोक्यात बसवलेलं असतं, पुस्तक वाचणारा हुशार आणि टीव्ही बघणारा बिनडोक. २०१३ मध्ये सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरचा दुनियादारी सिनेमा आला तेव्हा माझ्या ओळखीतले निम्मे लोक "आम्ही सुशिंचं वाचलंय" म्हणत नाक वर करून फिरत होते. वाचलं असेल, छानच आहे, पण थिएटरमध्ये जो रडला त्याचं रडणं काय नकली होतं?

आणि या केसमध्ये तर हा भेद फारच पोकळ आहे. ज्याने पुस्तकं लिहिली तो जॉर्ज मार्टिन स्वतः ऐंशीच्या दशकात अमेरिकन टीव्हीवर लेखक म्हणून काम करायचा. सिरीजच्या पहिल्या चार सीझनमध्ये एकेक एपिसोड त्यानेच लिहिलाय, दुसऱ्या सीझनमधली ब्लॅकवॉटरची लढाई, हिरवी आग, ती त्याची. म्हणजे तू दोनदा सिरीज बघितलीस त्यात लेखकाच्या हातचे चार एपिसोड दोन-दोनदा बघितलेयस.

शिवाय सिरीजने काही गोष्टी अशा केल्यात की पुस्तकात त्या होऊच शकत नाहीत. पहिल्या सीझनमध्ये रॉबर्ट आणि सर्सी, राजा-राणी, दोघंच बसून बोलतात, वाईन पीत, इतक्या वर्षांचं सडलेलं लग्न, आणि मधेच दोघं हसतात. पुस्तकात हा प्रसंग नाही. का नाही? कारण पहिल्या पुस्तकात रॉबर्टच्या नजरेतून चॅप्टर नाही आणि सर्सीच्याही नाही, तिसरं कुणी खोलीत नाही, मग सांगणार कोण? कॅमेऱ्याला ही अडचण नाही. दुसऱ्या सीझनमधली आर्या आणि टायविनची जोडी घे, ती त्याच्या शत्रूच्या घरातली मुलगी, त्याला वाढायला असते आणि तो तिला ओळखत नाही, ते सगळं सिरीजचं. पुस्तकात ती तिथे रूस बोल्टनच्या सेवेत असते, त्यातही धाकधूक आहे, पण ते टायविनचं म्हाताऱ्या वाघासारखं मऊ बोलणं नाही. मी पुस्तकवाली असून सांगते, मला सिरीजमधलं जास्त आवडतं. म्हणजे तू त्याच्याकडे जाताना रिकाम्या हाताने जात नाहीयेस. तुझ्याकडे ७३ एपिसोड आहेत, दोनदा.

एक मात्र आहे. सिरीज बघून पुस्तकांवर मत द्यायचं नाही, आणि उलटही नाही. "मला टिरियन आवडतो" हे बिनधास्त म्हण. "पुस्तकात टिरियन कसा भारी दाखवलाय" हे म्हटलंस की फसलीस, कारण पुस्तकात ब्लॅकवॉटरच्या लढाईत त्याचं नाक कापलं जातं, सिरीजमध्ये नुसता गालावर व्रण, आणि पुस्तकातला टिरियन पुढे पुढे बराच कडवट आणि काही ठिकाणी वाचवत नाही इतका वाईट होतो. नाव एक, माणसं दोन. हे ज्याला कळलं त्याचं निम्मं भांडण मिटतं.

आता शेवटचा सीझन. मला आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. सहा एपिसोडमध्ये जे कोंबलं त्याला दोन सीझन लागले असते, डेनेरिसचं जे होतं ते होणारच होतं असं मलाही वाटतं, पण ते एका दुपारीत झाल्यासारखं वाटलं. २० मे २०१९, सोमवार, आपल्याकडे सकाळी साडेसहाला लाइव्ह होतं, मी अलार्म लावून उठले होते, नवरा चहा घेऊन बाजूला, आणि संपल्यावर तो म्हणाला, झालं? हेच? तो सीझन परत बनवा म्हणून ऑनलाइन अर्ज निघाला, दहा लाखांच्या वर लोकांनी सह्या केल्या. आणि त्याच सीझनला त्याच वर्षी सर्वोत्तम ड्रामाचं एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळालं. म्हणजे आवडलेले लोकही होते, ते गप्प होते तुझ्यासारखे.

तुला आवडला तर आवडला. फक्त "आवडला" एवढ्यावर थांबू नकोस, नाहीतर समोरचा तुटून पडतो आणि तू गडबडतेस. कुठला प्रसंग, ते सांग. दुसऱ्या एपिसोडमध्ये लढाईच्या आदल्या रात्री शेकोटीपाशी सगळे बसलेत आणि जेमी ब्रिएनला नाइट करतो, म्हणजे योद्ध्याचा मान देतो, "उठ" म्हणतो, आणि ती उठते तेव्हाचा तिचा चेहरा. त्या प्रसंगावर माझ्याशी भांडणारा पुस्तकवाला मला अजून भेटलेला नाही. तुझा वेगळा असेल. "मला आवडलं" आणि "ते चांगलं लिहिलंय" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, पहिल्यावर कुणी तुझ्याशी वाद घालू शकत नाही, दुसऱ्यावर घालू शकतो आणि घालू दे की. आणि पुस्तकवाल्यांचा तोराही जरा बेतानेच घे, त्यांचं सहावं पुस्तक अजून आलेलंच नाही, पाचवं आलं २०११ ला. शेवट बघितलेली तूच आहेस, ते अजून वाटच बघतायत.

अशी पत्रं मला अधूनमधून येतात म्हणून बाकीच्यांसाठीही लिहिते. कुणी ऑफिसातल्या बुक क्लबात मान डोलावत बसलंय, कुणी सासऱ्यांना ऐतिहासिक कादंबऱ्या वाचल्याचं सांगून बसलंय, एक जण तर मैत्रिणीमुळे कोरियन सिरीज बघितल्याचं सांगतो आणि नायकाचं नाव प्रत्येक वेळी वेगळं घेतो. सगळ्यांना माझं एकच, "वाचलंय" आणि "नाही वाचलं" यांच्या मधे भरपूर जागा आहे. "सुरू केलं होतं, राहिलं." "दोनशे पानं झाली, मन लागेना." हे बोलायला काही पैसे पडत नाहीत, आणि गंमत म्हणजे असं म्हटलं की समोरचा उत्साहाने सांगायला लागतो, कुठे सोडलंस, अगं तिथूनच तर मजा आहे. लोकांना आपली आवडती गोष्ट नवीन माणसाला दाखवायला जाम आवडतं, सगळं बघून बसलेल्याबरोबर तेवढी मजा येत नाही. तू त्या मुलाची ती मजा स्वतःहून काढून घेतलीस, असं बघ.

तर सांग. मेसेजवर नको, मेसेजचा स्क्रीनशॉट निघतो आणि तो मित्रांच्या ग्रुपवर गेला की लग्नात स्टेजवर तुला लेडी स्टोनहार्ट म्हणून हाक मारणार. पुढच्या वेळी भेटाल तेव्हा, दोघंच असताना, सुरुवातीलाच. मोठी प्रस्तावना करू नकोस, "मला तुला काहीतरी महत्त्वाचं सांगायचंय" म्हटलंस तर त्या बिचाऱ्याला वाटेल लग्न मोडतंय. सरळ म्हण, "ऐक, मी पाचही वाचलेली नाहीत. एकसुद्धा पूर्ण नाही. सिरीज दोनदा बघितलीये. गच्चीवर तुला इम्प्रेस करायला फेकलं." बस. माफीचे अभंग नकोत. तो हसेल, किंवा म्हणेल मला माहिती होतं. तेव्हा तू चिडायचं, मग सांगितलं का नाहीस म्हणून, तेवढा हक्क तुझा आहे.

आणि समजा त्याने तोंड वाकडं केलं, "फक्त सिरीज?" म्हणाला, तर एकदा सोडून दे, फॅन लोकांना ती सवय असते, मलाही होती. पण पुढेही चारचौघांत, तुझ्या भावंडांसमोर, हिला काय कळतंय, हिने वाचलंय कुठे, असं चालू ठेवलं तर ते मनात नोंदवून ठेव आणि लग्नाच्या आधी त्याच्याशी बोल. ते मग गेम ऑफ थ्रोन्सबद्दल नसतं.

वाचायचं की नाही हे त्यानंतर ठरव, आणि नाही वाटलं तर नाही म्हण, मन लागत नसताना ३४४ चॅप्टर म्हणजे शिक्षा. मधला मार्ग हवा असेल तर त्याच जगातल्या डंक आणि एगच्या गोष्टी आहेत, एक उंच गरीब नाइट आणि त्याचा टकला पोरगेला मदतनीस, तीनच गोष्टी, पहिली १९९८ ची, तुम्ही दोघं दोन-तीन रविवारांत संपवाल. ना माणसांची जत्रा, ना चार पानांच्या वंशावळी. ते जमलं तर मग मोठ्याकडे या, एक चॅप्टर त्याने मोठ्याने वाचायचा, एक तू, आणि प्रत्येक चॅप्टरनंतर सिरीजमध्ये हे कसं होतं ते तू सांगायचं. तिथे तू मास्तर. तसं हिशोब केला तर रोज एक चॅप्टर म्हणजे जवळजवळ वर्ष, मे मध्ये सुरू केलं तरी पुढच्या एप्रिलपर्यंत, म्हणजे त्या मुलाने लग्नानंतरचे चार महिनेसुद्धा आधीच बुक करून टाकलेत, याकडे तुझं लक्ष गेलंय का?

आणि हो, तो सेट साड्यांखालून काढ, पण प्लॅस्टिक फाडू नकोस. भेटायला जाताना तसाच घेऊन जा आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेव, म्हणजे अर्धं बोलणं वाचेल.